‘सी’ला ‘रे’ का आवडत नाही

माझ्या फ्रेंचच्या वहीत एका वाक्यातला एकच शब्द लाल पेनाने खोडलेला आहे. गृहपाठ साधा होता: न घडलेल्या गोष्टींबद्दल पाच वाक्यं लिहा, प्रत्येक ‘सी’ने सुरू करा. फ्रेंचमध्ये ‘सी’ म्हणजे ‘जर’. शनिवार-रविवारच्या क्लासमध्ये आम्ही बहुतेक सगळे आयटीवाले, त्यामुळे वाक्यंही तशीच आली. लॉटरी लागली असती तर नोकरी सोडली असती, मॅनेजर सुट्टीवर असता तर मीही असते, वगैरे. माझी पहिली चार याच जातीची होती. पाचवं लिहिताना काय झालं माहीत नाही, पण मी लिहिलं, ‘माझ्या बाबांनी ते मशीन घेतलं असतं, तर छापखाना बंद पडला नसता.’

कराडला आमचा छापखाना होता. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या पेट्या, शाईचा वास. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं छापायचे. नव्वदच्या दशकात आजूबाजूला ऑफसेट आलं, आमच्याकडे आलं नाही. मी पहिलीत असताना छापखाना बंद झाला आणि त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि स्टेशनरी सुरू झाली. ‘त्या वेळी ऑफसेट घेतलं असतं तर…’ हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकलंय की ते आमच्या दाराच्या कडीसारखं झालंय. त्यातला ‘तर’ नेहमी मोकळाच राहतो. पुढे काय झालं असतं हे बाबा कधीच सांगत नाहीत.

फ्रेंचमध्ये मी लिहिलं होतं, ‘सी मों पेर ओरे आश्ते ला माशीन…’ मादामनी ‘ओरे’ खोडून वर ‘आव्हे’ लिहिलं, समासात ‘र काढा’ असा शेरा दिला आणि वही परत केली. बाबांबद्दल काही नाही. ते बरोबरच होतं म्हणा, क्लास व्याकरणाचा होता.

फ्रेंच शाळांमध्ये या चुकीसाठी एक घोषवाक्यच आहे: ‘ले सी नेम पा ले रे’. ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही, म्हणजे ‘सी’नंतर ‘रे’ने संपणारं क्रियापद येत नाही. उच्चाराची गंमत अशी की याच वाक्याचा ‘करवतींना पाकट मासा आवडत नाही’ असाही अर्थ होतो, त्यामुळे पोरांच्या लक्षात राहतं. माझ्याही राहिलं होतं. तरी हात ‘ओरे’कडेच गेला, कारण माझ्या कानात मराठी होती. आपण ‘घेतलं असतं तर पडला नसता’ म्हणतो. ‘तर’च्या अलीकडे असता-असती, पलीकडेही असता-असती, तराजूच्या दोन पारड्यांसारखं. फ्रेंचमध्ये मात्र पारडी वेगवेगळी आहेत.

क्लासच्या पुस्तकात याचा तीन ओळींचा तक्ता आहे आणि तो सगळे पाठ करतात. मला पाठांतराचा कंटाळा, म्हणून मी तो उसवून बघितला. ‘अव्हार’ म्हणजे ‘जवळ असणं’ या एका क्रियापदाची ‘तो’साठीची चार रूपं घ्या. आहे: आ. असेल: ओरा. होतं: आव्हे. असतं: ओरे. दुसऱ्या आणि चौथ्यात ‘र’ आहे, पहिल्या आणि तिसऱ्यात नाही. आता नियम बघा. ‘त्याला वेळ असला तर तो येईल’ याचं फ्रेंच ‘सिल आ ल ताँ, इल व्हियाँद्रा’. ‘वेळ असता तर आला असता’ याचं ‘सिल आव्हे ल ताँ, इल व्हियाँद्रे’. ‘जर’कडच्या बाजूला र नाही, ‘तर’कडच्या बाजूला र आहे. तिसरा प्रकार, म्हणजे कालची हुकलेली गोष्ट, त्यात वेगळं काही नाहीच. तिथे मदतनीस क्रियापद येतं आणि हाच नियम त्या मदतनीसावर चालतो. तीन ओळींच्या तक्त्यात खरा नियम एकच आहे: ‘जर’च्या बाजूला र नको.

मग हा र आला कुठून? इथून गोष्ट रोमन साम्राज्यात जाते.

जुन्या लॅटिनचा भविष्यकाळ बोलण्यात हळूहळू निकामी होत गेला. ‘कांताबित’ म्हणजे ‘तो गाईल’ आणि ‘कांताव्हित’ म्हणजे ‘तो गायला’. लोकांच्या तोंडी ब आणि व यांतला फरक पुसला गेला आणि दोन्ही सारखेच ऐकू यायला लागले. गाईल की गायला हेच कळत नसेल तर भाषेची पंचाईत होते. लोकांनी दुसरी सोय केली. ‘कांतारे हाबेत’, शब्दशः ‘त्याच्याकडे गायचं आहे’. हे आपल्याला अजिबात परकं वाटायला नको. ‘मला जायचंय’ म्हणताना आपणही बंधन आणि भविष्य एकाच पिशवीत घालतो. हे दोन शब्द पुढे घासून एक झाले आणि फ्रेंचमध्ये ‘शाँत्रा’ झालं. त्यातला र हा ‘कांतारे’ या मूळ धातुरूपातला आहे आणि शेवटचा आ म्हणजे ‘आहे’चा उरलेला तुकडा.

याच जोडीला भूतकाळात ढकललं की ‘कांतारे हाबेबात’. त्याच्याकडे गायचं होतं, तो गाणार होता. घासून झालं ‘शाँत्रे’, म्हणजे आजचा फ्रेंच संकेतार्थ. म्हणजे ‘गायला असता’साठी फ्रेंच माणूस जे रूप वापरतो, त्याच्या पोटात ‘गाणार होता’ बसलेलं आहे. आपणही बोलताना म्हणतोच की, ‘वेळ मिळाला असता तर तो येणार होता.’ येणार होता, म्हणजे आला नाही. एवढ्या छोट्या उडीवर फ्रेंचने अख्खी रूपावली उभी केली.

या जोडीचा पहिला मोठा वापर कुठे झाला याबद्दल एमिल बॉन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचं म्हणणं मला सगळ्यात जास्त आवडतं. तो म्हणतो, ही रचना तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकांत रुजली, कार्थेजच्या तेर्तुलियनपासून. त्यांना एक खास गोष्ट सांगायची होती: जे घडायचं ठरलेलंच होतं, ज्याचं भाकीत आधीच झालं होतं, ते घडलं. जन्मणार होता, मारला जाणार होता. म्हणजे हे रूप सुरुवातीला विधिलिखिताचं होतं, टळणं शक्यच नसलेल्या गोष्टींचं. आणि आज तेच रूप टळून गेलेल्या गोष्टींसाठी राबतं. सुमारे अठराशे वर्षांत एखाद्या शब्दाचं इतकं उलटं झालेलं मी तरी दुसरं बघितलं नाही.

नव्या भविष्यकाळाचा सर्वात जुना लेखी पुरावा एका खोट्या गोष्टीत सापडतो. सातव्या शतकात फ्रेडेगारच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बखरीत सम्राट जस्टिनियन हरलेल्या इराणी राजाकडे प्रांत परत मागतो. राजा जुन्या लॅटिनमध्ये म्हणतो, देणार नाही. सम्राट नव्या रूपात उत्तर देतो: ‘दारास’, देशील. म्हणे त्यावरूनच तिथल्या शहराचं नाव दारा पडलं. दारा शहर खरं आहे, आजच्या तुर्कस्तानात त्याचे अवशेष आहेत, पण ते जस्टिनियनच्या आधी अनास्तासियस या सम्राटाने वसवलं. इतिहास खोटा, व्याकरण खरं. बखरी वाचायची आपल्याला सवय आहे, त्यामुळे याचं नवल वाटू नये.

यानंतरचा कागद मात्र पक्का आहे. 14 फेब्रुवारी 842, स्ट्रासबुर्ग. शार्लमेनचे दोन नातू, लुई आणि शार्ल, थोरला भाऊ लोथारच्या विरोधात हातमिळवणी करत होते. दोघांच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या आणि एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. म्हणून लुईने शार्लच्या सैन्याला समजेल अशा भाषेत शपथ घेतली आणि शार्लने लुईच्या सैन्याच्या. त्यांचाच नातलग नितार याने ते शब्द जसेच्या तसे आपल्या इतिहासात उतरवले. फ्रेंच भाषेचा जन्मदाखला म्हणून हाच मजकूर दाखवतात.

पुस्तकांत राजांच्या शपथेचं कौतुक असतं. मला सैनिकांची जास्त आवडते. शार्लचे सैनिक म्हणतात ते साधारण असं: लुई जर आपली शपथ पाळतोय आणि आमचा मालक शार्ल ती मोडतोय आणि मला त्याला आवरता येत नाही, तर लुईविरुद्ध मी त्याला मदत करणार नाही. फ्रेंचच्या अगदी पहिल्या कागदावर ‘जर-तर’ आहे, आणि तेही आपल्याच राजाला घातलेली अट. क्रियापदंही बघा: ‘जर’च्या बाजूला वर्तमानकाळ, ‘तर’च्या बाजूला भविष्यकाळ. आमच्या क्लासच्या तक्त्यातली पहिली ओळ साडेअकराशेहून जास्त वर्षं जुनी आहे. मी दिवसभर ऑफिसात ‘इफ’ लिहिते, त्यातलं एकही पुढच्या वर्षी टिकेल असं वाटत नाही.

पण ही पहिली ओळ झाली, खुल्या शक्यतेची. न घडलेल्या गोष्टीचं ‘रे’वालं रूप कागदावर यायला आणखी सुमारे चाळीस वर्षं लागली. 880च्या आसपास कुणीतरी एका हस्तलिखितात संत युलाली या मुलीवर 29 ओळींचं गीत उतरवलं. ते पुढे शतकानुशतकं कुणाच्या ध्यानात नव्हतं. 1837 मध्ये होफमान फोन फालर्सलेबन या जर्मन कवी-संशोधकाला ते व्हालाँसिएन शहराच्या ग्रंथालयात सापडलं. (जर्मनीच्या राष्ट्रगीताचे शब्द याच माणसाचे.) गोष्ट अशी की राजा युलालीला धर्म सोडायला सांगतो, ती नाही म्हणते आणि मारली जाते. कौमार्य गमावण्यापेक्षा ती छळ सोसेल, अशा अर्थाच्या ओळीत ‘सोस्तँद्रेयेत’ हा शब्द येतो. सोसेल, सोसलं असतं, सोसायची तयारी असेल. फ्रेंच संकेतार्थाचं हे आपल्याला माहीत असलेलं पहिलं रूप. एका मुलीच्या नकारात आलं.

इथे मला वाटलं होतं की गोष्ट सरळ पुढे जाईल: रूप तयार झालं, मग ते ‘सी’च्या वाक्यात बसलं, संपलं. तसं झालं नाही. पुढची काही शतकं जुनी फ्रेंच मराठीसारखीच वागत होती.

1100च्या सुमाराचं ‘रोलाँचं गीत’ घ्या. 778 मध्ये रोंसव्होच्या खिंडीत शार्लमेनच्या सैन्याची पिछाडी कापली गेली, त्याची ही वीरकथा. शत्रू दिसल्यावर ऑलिव्हिए मित्राला तीनदा विनवतो की शिंग फुंक, राजा मागे फिरेल. रोलाँ अभिमानापायी फुंकत नाही. मग ऑलिव्हिए म्हणतो की राजा इथे असता तर आपलं नुकसान झालं नसतं. त्याच्या वाक्यातली दोन क्रियापदं आहेत ‘फुस्त’ आणि ‘ओउसुम’, दोन्ही सब्जंक्टिव्हची, म्हणजे मनातल्या, प्रत्यक्षात नसलेल्या गोष्टींच्या रूपातली. दोन्ही पारड्यांत एकच वजन. लॅटिनमध्येही असंच होतं, मात्र लॅटिन निदान ‘आज असतं तर’ आणि ‘काल असतं तर’ यांची रूपं वेगळी ठेवायची. जुन्या फ्रेंचमध्ये तोही फरक पुसट झाला होता, एकच रूप दोन्हीकडे चालायचं. आपलं ‘असता तर’ही आजला चालतं, कालला चालतं. नऊशे वर्षांपूर्वीच्या ऑलिव्हिएने माझी वही तपासली असती, तर र काढायला सांगितलं असतं की नाही मला शंका आहे.

मग बाराव्या शतकापासून ‘आव्हे–ओरे’ची विषम जोडी या सम जोडीच्या शेजारी दिसू लागते आणि हळूहळू तिला ढकलत जाते. का, याचं उत्तर मला त्या र मध्येच दिसतं. ‘रे’ म्हणजे ‘-णार होता’, अलीकडे काहीतरी घडल्यावर पलीकडे जे होणार होतं ते. ते स्वभावतःच ‘तर’च्या बाजूचं रूप आहे. अटीच्या बाजूला ते ठेवणं म्हणजे ‘तो येणार होता तर मी जाणार होते’ असं म्हणणं; त्यात अट कुठली आणि फळ कुठलं तेच कळत नाही. म्हणून अटीकडे साधा ‘होता’ राहिला. हे पटायला मला दीड वर्ष लागलं. घोषवाक्याऐवजी कुणी ‘येणार होता’ सांगितलं असतं तर दहा मिनिटं लागली असती.

जुनी जोडी लगेच मेली नाही. सतराव्या शतकात पास्कालने आपल्या टिपणांत लिहिलेलं क्लिओपात्राचं नाक प्रसिद्ध आहे: ते जरा आखूड असतं तर जगाचा चेहरामोहराच बदलला असता. पास्कालची टिपणं त्याच्या मृत्यूनंतर 1670 मध्ये ‘पाँसे’ या नावाने छापून आली. या वाक्यात नाकाकडे, म्हणजे ‘जर’च्या बाजूला, जुनं सब्जंक्टिव्ह आहे आणि जगाकडे नवं ‘रे’. एकाच वाक्यात घर अर्धं पाडलेलं, अर्धं बांधलेलं. आज ते जुनं रूप फक्त पुस्तकी भाषेत उरलंय. बोलताना कुणी वापरलं तर लोक वळून बघतील.

पण पारडी समान करायची माणसांची खोड जात नाही. इव्ह रोबेरच्या 1962 च्या ‘बटणांची लढाई’ या सिनेमात प्ती जिब्यूस नावाचं चिमुरडं पात्र आहे. प्रत्येक फजितीनंतर ते म्हणतं की माहीत असतं तर आलोच नसतो, आणि ‘जर’कडेही ‘तर’कडेही तेच ‘ओरे’ घालतं. फ्रान्समध्ये हे वाक्य घराघरात माहीत आहे. मोठी माणसंही हीच चूक करतात आणि सुशिक्षित मंडळी त्यांना हसतात. मला ते पोर माझ्या बाजूचं वाटतं.

आपल्याकडचे वैयाकरणही या कोड्याच्या जवळून गेले आहेत. शाळेच्या संस्कृतमध्ये आपण ‘लृङ्’ लकारापर्यंत पोचतच नाही, पण तो पाणिनीने न घडलेल्या गोष्टींसाठीच सांगितलाय. त्याचं ‘अभविष्यत्’ हे रूप फोडा: मधे भविष्यकाळाचा ‘भविष्य’ आणि पुढेमागे भूतकाळाची चिन्हं. होणार होतं! लॅटिन बोलणाऱ्यांनी हे संस्कृतमधून घेतलेलं नाही. न घडलेलं सांगायचं तर भविष्याला भूतकाळात नेऊन बसवायचं, ही युक्ती दोन ठिकाणी वेगवेगळी सुचली. संस्कृतने मात्र ती दोन्ही पारड्यांत घातली. मराठीत ‘लृङ्’ उरला नाही. आपला ‘असता’ जुन्या वर्तमानकाळी कृदन्तावरून आला, ‘करतो’मधला त तोच. आणि मराठी भाषेच्या घडणीचा पहिला मोठा शास्त्रीय इतिहास लिहिला तो झ्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताने, 1920 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, फ्रेंचमध्ये. आपली भाषा कशी घडली हे मूळ पुस्तकात वाचायचं तर ‘सी’ला ‘रे’ आवडत नाही हे आधी यावं लागतं.

आज फ्रेंच बातम्या वाचताना ‘रे’ आणखी एका कामाला लागलेलं दिसतं. मंत्री आजारी ‘सरे’, म्हणजे असतील असं कळतं, आम्ही खात्री केलेली नाही. आपल्याकडे ‘म्हणे’ जे करतं ते तिथे क्रियापदाचं शेपूट करतं. वॉट्सॲपच्या फॉरवर्डना हे शेपूट सक्तीचं करायला हवं.

आणि फ्रेंचांनाही जर-तरची चेष्टा येते. ‘जर’ लावत बसलं तर अख्खं पॅरिस बाटलीत भरता येईल, असं ते म्हणतात. दुसरी म्हण ऐकून तर मी क्लासमध्ये मोठ्याने हसले: मावशीला ‘ते’ असतं तर तिला काका म्हटलं असतं. ‘ते’ म्हणजे मिशा नव्हेत, बाकी तुम्ही समजून घ्या. आपल्या आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हणायची सोय आहेच. मादाम म्हणाल्या, बघा, इथेही ‘सी’नंतर ‘आव्हे’च.

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. गाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं, ते झेरॉक्सच्या मशीनचं झाकण पुसत होते. मी म्हटलं, फ्रेंच लोक ‘घेतलं असतं’ म्हणत नाहीत, त्यांच्या शब्दात खरं तर ‘घेणार होतो’ असतं.

‘मग बरोबरच आहे की,’ बाबा म्हणाले. ‘घेणारच होतो. कोल्हापूरला जाऊन बघून आलो होतो. सिंगल कलर, सेकंड हँड. इसारही दिला होता.’

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांनी फक्त ‘असतं तर’ सांगितलं होतं, ‘होतो’ कधी सांगितलं नव्हतं. किती इसार, विचारलं.

‘पाचशे. तुझे आजोबा कर्जाला नाही म्हणाले. मी परत गेलोच नाही, इसारही मागितला नाही.’ एवढ्यात एक मुलगा आधार कार्ड घेऊन आला, दोन्ही बाजू एकाच पानावर पाहिजेत म्हणाला. बाबांनी झाकण उघडलं.